रक्तातील रक्षकांचा शोध

उसाच्या सरीत काम करताना पायात बाभळीचा काटा मोडला, तर दुसऱ्या दिवशी तेथे लाली येते, ठणका लागतो आणि पुढे पू धरतो. उचगावच्या शेतकऱ्याला हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण पुवातल्या त्या पेशी तेथे कशासाठी जमतात, हे कोडे शास्त्रज्ञांनाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उलगडले नव्हते.

ते सोडवण्याचा मार्गही एका काट्यानेच दाखवला. १८८२ साली इल्या मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तो हिंडत्या पेशी काट्याभोवती वेढा घालून बसलेल्या! शरीरात शिरलेल्या शत्रूला गिळून टाकणाऱ्या या रक्षकांना आपण भक्षकपेशी म्हणू. या कार्यासाठी मेच्निकॉफला १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या मेच्निकॉफचा ओडेसा येथील एक विद्यार्थी पुढे आपल्या मुंबईत आला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्याने काम सुरू केले. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडून त्याने प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने ते मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. टोचलेल्यांत रोग कमी झाला, हे दिसून आले.

परंतु लस टोचल्यावर आतल्या रक्षकांमध्ये नेमके काय घडते, हे पाहण्याचे साधन हाफकिनपाशी नव्हते. टोचल्यावर ताप किती चढला, यावरून तो मात्रा ठरवी. माणसाचे शरीर हीच त्याची प्रयोगशाळा होती. प्लेग पुढे कोल्हापूर संस्थानातही आला. गाव सोडून माळावर झोपडी घालणे हा लोकांचा पहिला उपाय; परक्याच्या हातची सुई अंगात घुसू देणे हा धीराचा प्रश्न होता. तो धीर नाही म्हणून लोकांना अडाणी ठरवणे सोपे असते, पण न्यायाचे नसते. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला. बाटली गावात उघडतानाच दोष शिरला असावा, असे दाखवून शास्त्रज्ञांनी त्याला दोषमुक्त करवले, त्याला १९०७ साल उजाडले. त्याची परळची प्रयोगशाळा १९२५ पासून त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचे नाव निर्मळ झाले. ती १९ माणसे मात्र परत आली नाहीत.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, माणसाला सुई लावण्यापूर्वी त्याच्या रक्षकपेशींनाच काही विचारता येईल का? त्यासाठी त्या शरीराबाहेर वाढवता यायला हव्यात. रक्तातल्या पेशींचे मूळ हाडांच्या मगजात आहे. टोरांटो येथील टिल आणि मॅक्युलक यांनी १९६१ साली किरणोत्सर्गाने मगज नष्ट झालेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांचा मगज टोचला; त्यांच्या प्लीहेवर नव्या पेशींच्या गाठी उगवल्या. पुढे सिद्ध झाले की, अशी एकेक गाठ एकाच मूळपेशीची संतती असते. १९६६ साली मेलबर्नमध्ये ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी चायनाग्रासच्या, म्हणजे अगरच्या, थरात मगजाच्या पेशींच्या वसाहती वाढवल्या. तेथे कळले की, बी असून भागत नाही. 'वाढ' असा निरोप देणारी प्रथिनेही लागतात. २००६ साली क्योटो येथील शिन्या यामानाका यांनी चार जनुके घालून उंदराच्या त्वचापेशीला मूळपेशीसारखे केले. २००७ साली माणसाच्या पेशींतही हे साधले. आता कातडीचा कण किंवा थोडे रक्त घेऊन, योग्य ते निरोप देत, त्याच माणसाच्या भक्षकपेशी काचेच्या ताटलीत वाढवता येतात.

वाढवल्या, पण त्यांची झडती कशी घ्यायची? पेशीचे काम चालते ते प्रथिनांवर. जनुक हा हुकूम, तर प्रथिन हा तो बजावणारा शिपाई. हुकूम किती सुटले यावरून शिपाई किती कामावर आले, हे खात्रीने कळत नाही. म्हणून प्रथिनेच मोजावी लागतात. आपल्या आतड्यांत पचनाचे काम करणाऱ्या ट्रिप्सिननेच पेशीतील प्रथिनांचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांचे वस्तुमान यंत्राने मोजतात. अशी हजारो प्रथिने एकाच वेळी ओळखता येतात. जंतू येण्यापूर्वी कोणती होती आणि आल्यावर कोणती वाढली, याचा ताळा मांडता येतो.

प्लेगच्या जंतूचे कपट असेच उघडे पडले. सुईसारख्या नळीतून तो आपली प्रथिने भक्षकपेशीत सोडतो आणि तिची गिळण्याची शक्तीच बधिर करतो. हाफकिन माणसांना सुई टोचत होता, तेव्हा जंतूही आपली सुई चालवत होता; ती दिसायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. क्षयाचा जंतू तर भक्षकपेशीतच बिऱ्हाड करतो. त्याचा अभ्यास आज ताटलीत वाढवलेल्या मानवी भक्षकपेशींतही होतो. पेशी वाढवण्याची व जतन करण्याची विद्या आपल्याकडेही रुजली आहे. १९८६ साली त्यासाठी स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आज राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून पुण्यात उभी आहे.

अर्थात ताटली म्हणजे शरीर नव्हे. मूळपेशीपासून वाढवलेली भक्षकपेशी पुष्कळदा गर्भावस्थेतल्या पेशीसारखी कोवळी राहते, म्हणून तिची प्रथिने प्रौढ माणसाच्या पेशींशी ताडून पाहावी लागतात. शेवटी नवी लस माणसालाच द्यावी लागते, आणि तेथे त्याची संमती व टोचणाऱ्याची स्वच्छता यांना पर्याय नाही. बाटली गावात उघडली जाते, तेव्हा कोणतीही ताटली मदतीला येत नाही.

पण एक फरक पडला आहे, आणि तो थोडा नव्हे. ज्या शंकांचे उत्तर हाफकिनला स्वतःच्या आणि कैद्यांच्या देहावर शोधावे लागले, त्यांतल्या काही शंका आज पेशींच्या ताटलीतच फिटू शकतात. माणसावरचे ओझे तेवढे हलके झाले, ही या सव्वाशे वर्षांची कमाई आहे.