सैनिकी डायोरामातील प्रमाण

सैनिकी डायोरामातील प्रमाण म्हणजे युद्धप्रसंगाच्या लघुरूप देखाव्यातील सैनिक, वाहने, इमारती यांची मापे आणि त्यांची मूळ मापे यांमधील गुणोत्तर होय. १:३५ या प्रमाणात प्रत्यक्षातील ३५ सेंटिमीटर लांबी देखाव्यात १ सेंटिमीटर होते. एकदा प्रमाण ठरले की देखाव्यात किती सैनिक मावतील आणि प्रेक्षकाला त्यांचे चेहरे दिसतील की केवळ रांगा, हेही ठरून जाते. म्हणून हा निर्णय पहिली मूर्ती विकत घेण्यापूर्वीच करावा लागतो.

मापनाच्या पद्धती

प्रमाण दोन प्रकारे सांगतात. वाहनांच्या जुळणी-संचांवर गुणोत्तर छापलेले असते. सुट्या मूर्तींची उंची मात्र मिलिमीटरमध्ये देतात. ५४ मिमी उंचीची मूर्ती साधारणपणे १:३२ प्रमाणाची मानली जाते. तथापि ही उंची काही उत्पादक तळव्यापासून डोळ्यांपर्यंत, तर काही डोक्याच्या टोकापर्यंत मोजतात. त्यामुळे एकाच आकड्याच्या दोन मूर्ती शेजारी ठेवल्यास एक ठेंगणी दिसू शकते. १:३५ हे आज सर्वाधिक रुळलेले प्रमाण काही पूर्वनियोजित मानक नव्हते. जपानच्या तामिया कंपनीने १९६१-६२च्या सुमारास काढलेल्या पँथर रणगाड्याच्या प्रतिकृतीत मोटर व विजेऱ्या बसाव्यात एवढा तिचा आकार ठेवला होता. त्यातून हे प्रमाण आले.

वॉटर्लूची प्रतिकृती

प्रमाणाचा पेच किती जुना आहे, हे ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम सायबर्न यांच्या कामावरून दिसते. त्यांनी १८३० मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीवर मुक्काम करून तिची मोजणी केली आणि १८३८ मध्ये तिची प्रतिकृती लंडनमध्ये प्रदर्शित केली. जमिनीचे प्रमाण एका मैलास ९ फूट, म्हणजे सुमारे १:५८७ होते. याच प्रमाणात सैनिक केले असते तर ते जेमतेम ३ मिमी उंचीचे झाले असते. गणवेश तर दूरच, माणूसही ओळखू आला नसता. सायबर्न यांनी सुमारे १० मिमी उंचीच्या मूर्ती वापरल्या. त्या मोठ्या झाल्याने प्रत्यक्ष संख्येइतक्या उभ्या करणे अशक्य होते. म्हणून एक मूर्ती दोन सैनिकांच्या जागी धरली, तरीही मूर्तींची संख्या सुमारे ७०,००० झाली. सरकारी साहाय्य मध्येच थांबले आणि सायबर्न कर्जात बुडाले. ही प्रतिकृती आता लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. पुढे १८४४ मध्ये त्यांनी दुसरी प्रतिकृती पूर्ण केली. तिच्यात रणभूमीचा लहानसा भागच घेतला, पण एका मैलास १५ फूट असे प्रमाण ठेवून मूर्तीही मोठ्या केल्या. ती लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे.

निवडीचे निकष

जागेचा हिशेब आधी करावा. सुमारे ६ मीटर लांबीचा शर्मन रणगाडा १:७२ मध्ये ८ सेंटिमीटर, १:३५ मध्ये १७, तर १:१६ मध्ये ३७ सेंटिमीटर होतो. शंभर मीटरची गल्ली १:३५ मध्ये जवळजवळ तीन मीटर लांब होते; ती घरात कोठे ठेवणार? पलटणीची चढाई दाखवायची असेल तर १:७२ सोयीचे. जखमी सोबत्याजवळ बसलेले दोघेतिघे दाखवायचे असतील, तर चेहऱ्यावरील भाव रंगवता येतील असे ५४ मिमी किंवा त्याहून मोठे माप घ्यावे.

प्रमाणांची सरमिसळ

१:३२ आणि १:३५ मधील फरक मूर्तीच्या उंचीत सुमारे ५ मिमी भरतो. माणसे उंच-बुटकी असतातच, तेव्हा तो खपून जाईल असे नवशिक्यांना वाटते. परंतु एकाच बनावटीच्या बंदुका आणि शिरस्त्राणे लहानमोठी दिसू लागली की डोळा फसत नाही. दिवाळीतील मातीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा उंच मावळा शोभून दिसतो, कारण तेथे मापाचा आग्रहच नसतो. डायोरामात तो गृहीत असतो. सरमिसळ हेतुपुरस्सर केली जाते ती दूरत्वाचा आभास निर्माण करण्यासाठी: पुढे १:३५, मागे १:७२. मात्र हा आभास ठरावीक कोनातूनच टिकतो. त्यामुळे असे देखावे बहुधा पेटीत बसवून समोरच्या एकाच झरोक्यातून दाखवतात. अमेरिकन कलावंत शेपर्ड पेन हे अशा पेटी-डायोरामांसाठी विशेष प्रसिद्ध होते.