सोमवारी सकाळी दहापर्यंत

आकडा आधीच सांगून टाकू: २,१४१. मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तोडलेली झाडं. सोमवार, ७ ऑक्टोबर २०१९ रोजी सकाळी १० वाजता सर्वोच्च न्यायालयाचं विशेष खंडपीठ बसलं, तेव्हा हा आकडा जवळजवळ पूर्ण झालेला होता. पुढे दिलेले तास त्या दहा वाजण्यापासून मागे मोजले आहेत.

सुमारे चार वर्षं बाकी. २०१५.

कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो. गाड्या रात्री उभ्या करायला आणि धुवायला-दुरुस्त करायला जागा हवी. सरकारने आरेतला भूखंड निवडला. आरे म्हणजे १९४९ साली उभी राहिलेली दूध वसाहत, सुमारे १,२८० हेक्टर. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आत आदिवासी पाडे, आणि रात्री फिरणारे बिबटे. कारशेडची जागा मिठी नदीच्या काठाला लागून. ही तीच मिठी, जिचं पाणी २६ जुलै २००५ ला शहरात शिरलं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

लोकांनी विरोध केला, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तांत्रिक समिती नेमली. समितीतले दोन सदस्य नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईचे तज्ज्ञ होते. त्यांनी वेगळं मत नोंदवलं: आरे नको, कांजूरमार्गची जागा बघा. हे मत अहवालात राहिलं. काम आरेतच ठरलं.

सुमारे दोन वर्षं दहा महिने बाकी. डिसेंबर २०१६.

राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अंतिम अधिसूचना केंद्राने काढली. आरेचा बराच भाग तीत आला. कारशेडसाठी १६५ हेक्टर वगळले गेले. पुढे तीन वर्षं कोर्टात जो प्रश्न घोळत राहिला, की आरे हे जंगल आहे की नाही, त्याचं अर्धं उत्तर या वगळण्यातच लिहिलेलं होतं.

३९ दिवस बाकी. गुरुवार, २९ ऑगस्ट २०१९.

मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची बैठक. प्रस्तावात एकूण २,६४६ झाडं होती. २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. नागरिकांच्या ८२ हजारांवर हरकती आल्या होत्या.

मतदान झालं. प्रस्तावाच्या बाजूने ८, विरोधात ६. विरोध शिवसेनेच्या सदस्यांचा. महापालिकेत सत्ता शिवसेनेची, राज्यात शिवसेना भाजपसोबत सरकारात. म्हणजे पक्ष सत्तेत दोन्हीकडे आणि हरला तो स्वतःच्याच महापालिकेत. बाजूने मत दिलेल्या तज्ज्ञ सदस्यांपैकी दोघांनी नंतर राजीनामे दिले. मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मतं मात्र मोजली गेली होती.

२४ दिवस बाकी. शुक्रवार, १३ सप्टेंबर.

प्राधिकरणाच्या निर्णयावरून झाडं तोडण्याचं परवानगीपत्र मेट्रो रेल कॉर्पोरेशनच्या नावे निघालं.

या पत्राची तारीख लक्षात ठेवावी लागेल. राज्यातल्या शहरी भागांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. परवानगी दिल्यावर १५ दिवस झाड तोडायचं नाही, ही त्यातली तरतूद. ज्याला दाद मागायची त्याला कोर्टाची पायरी चढता यावी, याशिवाय या १५ दिवसांना दुसरा अर्थ दिसत नाही. पण पत्र निघालंय हे ज्याला कळलंच नाही, त्याचे १५ दिवस कुठून सुरू होतात, याचा निकाल पुढे रस्त्यावर आणि ट्विटरवर लागणार होता.

९ दिवस बाकी. शनिवार, २८ सप्टेंबर.

मेट्रो कॉर्पोरेशनच्या हिशेबाने १५ दिवस आज संपले. काही घडलं नाही. उच्च न्यायालयात सुनावणी चालू होती आणि तोवर तोडणार नाही, एवढा शब्द दिलेला होता.

सत्तरेक तास बाकी. शुक्रवार, ४ ऑक्टोबर.

मुंबई उच्च न्यायालय. मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांचं खंडपीठ. आरेसंबंधीच्या सगळ्या याचिका फेटाळल्या. आरेला जंगल जाहीर करायला नकार. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आणि हरित लवादापुढे आधीच पडून आहे, तिकडे जा, असा निकालाचा रोख. प्राधिकरणाच्या निर्णयाला आव्हान देणाऱ्या शिवसेनेच्या नगरसेवकाला ५० हजारांचा दंड.

निकालाबरोबर तो दिलेला शब्दही संपला. झाड आणि करवत यांच्यामध्ये आता कागद नव्हता.

तिकडे जा म्हटलं, पण तिकडे कधी? दुसऱ्या दिवशी शनिवार. मग रविवार. सोमवारपासून सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुट्टी. दसरा मंगळवारी, ८ तारखेला.

६७ तास बाकी. शुक्रवार, दुपारी ३.

विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत या मिनिटाला संपली. राज्यभरातली पत्रकार मंडळी निवडणूक कचेऱ्यांच्या दारात होती. त्या दिवशी मोजदाद चालली होती ती अर्जांची आणि बंडखोरांची. मतदानाला १७ दिवस होते, आचारसंहिता लागलेली होती.

सत्ताधारी दोन पक्षांपैकी एक झाडांच्या बाजूने बोलत होता. युती तरीही झालेली होती.

६१ तास बाकी. शुक्रवार, रात्री ९ चा सुमार.

अंधार पडून अडीचेक तास झाले होते. आरेतल्या कारशेडच्या जागेवर पत्र्यांच्या कुंपणाआड दिवे आणि विजेवरच्या करवती. आवाज पाड्यांवर ऐकू गेला, मग तो मोबाइलवरून शहरभर गेला. लोक मिळेल त्या वाहनाने निघाले.

झाडं रात्री का तोडायची, याचं तांत्रिक कारण काहीही असू शकेल. वेळापत्रकाचं कारण एकच दिसतं: सकाळ झाली असती तर माणसं आधीपासून उभी असती.

मध्यरात्रीपर्यंत शेकडो जण जमले. काही जण फाटक ओलांडून आत शिरले आणि पडलेली झाडं त्यांनी पाहिली. पोलिसांची कुमक वाढली. घोषणा आणि करवती, दोन्हींचे आवाज चित्रफितींत एकत्र ऐकू येतात.

५२ तास बाकी. शनिवार, ५ ऑक्टोबर, सकाळी ६ चा सुमार.

आरेत १४४ कलम. जमावबंदी. आत जाणारे रस्ते बंद. आत राहणाऱ्यांनाही अडवलं जात होतं. लोकांना गाड्यांत भरून पोलीस ठाण्यांत नेलं गेलं.

दिवसभरात २९ जणांना अटक झाली. २३ पुरुष, ६ महिला. सरकारी नोकराला कामात अडथळा करणं, मारहाण, बेकायदा जमाव. न्यायालयीन कोठडी. पुरुष ठाण्याच्या तुरुंगात, महिला भायखळ्याला. अटक झालेल्यांत विद्यार्थी होते.

करवतींना जमावबंदी लागू नव्हती.

४६ तास बाकी. शनिवार, दुपारी १२ चा सुमार.

१५ दिवसांचा वाद आता उघड्यावर आला. आंदोलकांचं म्हणणं: परवानगीपत्र महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकलं गेलं ते कालच, शुक्रवारी. तेव्हा १५ दिवस आजपासून मोजा. मेट्रो कॉर्पोरेशनच्या व्यवस्थापकीय संचालक अश्विनी भिडे यांचं उत्तर: हा दावा निराधार आहे, आदेश १३ सप्टेंबरचा, मुदत २८ ला संपली.

दोघांच्या कॅलेंडरमधलं अंतर तीन आठवड्यांचं. वाद सुटायला एक सुनावणी पुरली असती.

त्याच दिवशी उच्च न्यायालयात तातडीने स्थगिती मागितली गेली. मिळाली नाही. केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी दिल्ली मेट्रोचा दाखला दिला: तिथेही झाडं तोडली, त्याहून जास्त लावली. शिवसेनेच्या प्रियांका चतुर्वेदी यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्यांचाच पक्ष राज्याच्या मंत्रिमंडळात बसलेला होता, हे पुन्हा सांगायला हवं.

२४ तास बाकी. रविवार, ६ ऑक्टोबर, सकाळी १०.

दुसरी रात्र उलटून गेली होती.

या रविवारी आरेकडे आलेल्यांत प्रकाश आंबेडकर होते. अकोल्याचे दोनदा खासदार. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अकोला आणि सोलापूर, दोन्हीकडे पराभूत झालेले. पोलिसांनी त्यांनाही ताब्यात घेतलं आणि पवई ठाण्यात नेलं.

   

दिंडोशीच्या सुट्टीतल्या न्यायालयाने २९ जणांना जामीन दिला. प्रत्येकी सात हजारांचा जातमुचलका आणि पुन्हा आंदोलनात भाग घेणार नाही अशी हमी.

१६ तास बाकी. रविवार, संध्याकाळ.

कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीश रंजन गोगोई यांना पत्र लिहिलं होतं. त्यात साथीदारांच्या अटका, चालू असलेली तोड आणि सुट्टीमुळे बंद असलेला दरवाजा, हे सगळं होतं. न्यायालयाने ते पत्रच जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतलं. संकेतस्थळावर सूचना लागली: विशेष खंडपीठ, उद्या, सकाळी १०.

आता वेळ ठरलेली होती. ती सगळ्यांनाच कळली, मेट्रो कॉर्पोरेशनलाही. सुनावणीपर्यंत हात आखडता घ्यावा, असं सांगणारा आदेश मात्र अजून कोणाचाच नव्हता.

हिशेब मांडून पाहता येतो. शुक्रवारी रात्री ९ ते सोमवारी सकाळी १० म्हणजे ३,६६० मिनिटं. क्षणभरही न थांबता काम चाललं असं धरलं, तरी दर पावणेदोन मिनिटांना एक झाड.

० तास. सोमवार, ७ ऑक्टोबर, सकाळी १०.

न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि न्यायमूर्ती अशोक भूषण. महाराष्ट्र सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल तुषार मेहता. खंडपीठाने विचारलं, ही जागा संवेदनशील क्षेत्रात येते का, कागद दाखवा. झाडं आणखी तोडू नका, असं सांगितलं.

सरकारने विरोध केला नाही. यापुढे एकही झाड तोडणार नाही, असं आश्वासन तिथल्या तिथे दिलं. आवश्यक तेवढी झाडं तोडून झाली आहेत, हेही न्यायालयाला सांगण्यात आलं. परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश झाला. पुढची तारीख २१ ऑक्टोबर, म्हणजे विधानसभेच्या मतदानाचाच दिवस. अटकेतलं कोणी आत राहिलं असेल तर सोडा, असंही बजावलं गेलं.

त्याच दिवशी मेट्रो कॉर्पोरेशनने निवेदन काढलं. न्यायालयाचा आदेश आम्ही पाळू. २,१४१ झाडं तोडून झाली आहेत, ती उचलण्याचं काम आणि बांधकाम चालू राहील. आपण २३,८४६ झाडं लावल्याचंही निवेदनात होतं.

परवानगी २,१८५ ची होती. स्थगिती मिळाली ती ४४ झाडांना.

त्यानंतर.

२१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मनाई झाडं तोडायला आहे, कारशेड बांधायला नाही. नोव्हेंबरच्या शेवटी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कारशेडचं काम थांबवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवल्याची घोषणा झाली. पाच वर्षांपूर्वी दोन तज्ज्ञांनी सुचवलेली तीच जागा. डिसेंबरात उच्च न्यायालयाने तिथल्या १०२ एकरांच्या हस्तांतराला स्थगिती दिली, कारण त्या जमिनीवर केंद्र आणि राज्य दोघांचा दावा होता. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदललं आणि कारशेड आरेत परतलं.

२९ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायची मुभा दिली. अर्ज १७७ झाडांपर्यंत गेला. १७ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने मर्यादा ओलांडल्याबद्दल मेट्रो कॉर्पोरेशनला १० लाखांचा दंड केला आणि त्याच आदेशात १७७ झाडं तोडायला हरकत घेतली नाही.

मेट्रो-३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला ५ ऑक्टोबर २०२४ ला. कांजूरमार्गची जागाही रिकामी राहिली नाही. तिथले १५ हेक्टर सरकारने मेट्रो-६ च्या कारशेडला दिले.