परिषदेचा मान कशानं ठरतो? बडोदा, मिरज आणि ओकलंड

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढाकार विष्णु नारायण भातखंडे यांचा, अध्यक्ष अकबरपूरचे ठाकूर नवाब अली खाँ. देशाच्या वेगवेगळ्या भागांतले गवई, वादक आणि अभ्यासक एकत्र आले. गाणं-बजावणं झालंच, पण इथं निबंधही वाचले जाणार होते आणि त्यांवर वाद व्हायचे होते. त्यांतला एक मोठा वाद श्रुतींचा होता आणि त्याचं मूळ मिरज-सांगलीच्या मातीत होतं.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागा, नेमक्या कुठं बसतात, हे मोजून सांगता येईल, अशी त्यांची खात्री होती. १९१० साली त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांच्या मोजमापामागे गळा होता किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. खाँसाहेब स्वर लावणार आणि देवल तो मोजणार, असं हे काम चाले. पुढं त्या मापांवरून श्रुती-हार्मोनियम तयार करायचं ठरलं आणि १९११ मध्ये लंडनच्या मूर अँड मूर कंपनीनं ते बनवलं. ई. क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी देवलांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९१३ मध्ये त्यांनी स्वतःचं पुस्तक लिहिलं.

बडोद्यात देवल आणि क्लेमंट्स यांनी आपली बाजू मांडली. भातखंड्यांना ती पटली नाही. गवई रागानुसार, अंगानुसार स्वर किंचित वर-खाली लावतो, त्याला गणिताच्या चौकटीत कायमचं ठोकून बसवता येत नाही आणि पद्धतशीर शिक्षणासाठी बारा स्वर पुरेत, असं त्यांचं म्हणणं. परिषदेचं वजनही त्यांच्याच बाजूला पडलं. देवलांचं वर्षानुवर्षांचं काम मान्यतेच्या शिक्क्याविना राहिलं.

हा निवाडा बरोबर होता का? उत्तर मिळायला काळ जावा लागला. १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी हिंदुस्थानी संगीताची ध्वनिमुद्रणं यंत्रावर मोजली. एकच स्वर कलाकारागणिक बदलतो, इतकंच काय, एकाच कलाकाराच्या एकाच सादरीकरणातही हलतो, असं त्यांना दिसलं. ठाम बावीस जागांचा आग्रह त्यापुढं टिकत नाही. पण स्वर मोजून पाहावा, हा देवलांचा आग्रह मात्र टिकला, कारण भातखंड्यांच्या मताला बळ मिळालं ते मोजमापातूनच. परिषदेनं निष्कर्ष नाकारला ते योग्यच होतं, पण पद्धतीचं मोल तिला ओळखता आलं नाही.

विद्वानांच्या मेळाव्याची प्रत कशी ठरवायची, हा प्रश्न तेव्हापासून मिरजेच्या आसपास घुटमळतो आहे. त्याची तीन वेगळी उत्तरं उभी राहिली आणि तिन्हींचा धागा या गावाशी जुळतो.

पहिलं उत्तर दर्ग्यात आहे. हजरत ख्वाजा शमनामीरासाहेबांच्या दर्ग्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची अढळ श्रद्धा होती. आवारातल्या चिंचेखाली बसून ते गात. खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचाच, १९०५ चा. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर खाँसाहेबांचं निधन झालं. त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला गेला. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. हिराबाई, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा कलाकारांनी इथं गाऊन सेवा रुजू केली.

या सभेला तिकीट नाही. कलाकार परंपरेनं बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, निकालपत्रही नाही. तरी गाणाऱ्याला तिथं धास्ती असे, कारण समोर कोण बसलं आहे हे त्याला ठाऊक असे. घराण्याचे शिष्य असत, गावातले जाणते असत, आणि वाद्यं बनवणारे सतारमेकर असत.

त्या सतारमेकरांचा कान म्हणजे काय चीज आहे, हे तंबोऱ्याची जवारी लावताना कळतं. घोडीचा वरचा पृष्ठभाग हाडाचा किंवा शिंगाचा. कारागीर तो कानशीनं इतका हलका घासतो की डोळ्याला फरक दिसत नाही. मग तार लावतो, तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवतो आणि तार छेडतो. दोरा केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तार अचानक खुलते, षड्जाच्या पोटातून वरचे स्वर उमलू लागतात. तिथं हात थांबतो. चारही तारांना हेच करायचं आणि मग चारही एकमेकींत मिसळतात का ते ऐकायचं. मिसळल्या नाहीत तर पुन्हा कानस. फरीदसाहेब सतारमेकरांपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला हा धंदा आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. असा कान पुढं बसलेला असताना बेसूर खपत नाही. दर्ग्याच्या सभेचा दर्जा या ऐकणाऱ्यांनी राखला.

दुसरं उत्तर परीक्षेचं. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळ्यांना इजा झाली आणि उपचारासाठी ते मिरजेला आले. संस्थानच्या आश्रयानं त्यांनी इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायनाचं शिक्षण घेतलं. एका समारंभाचं आमंत्रण शिष्याला आलं आणि खुद्द गुरूंना आलं नाही, कारण ते पडले पेशेवर गवई. ही गोष्ट पलुस्करांच्या मनाला लागली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. दरबारी मान आणि विद्येचं मोल यांत किती अंतर असतं, हे त्यांनी तरुणपणीच पाहिलं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांनी देह ठेवला तो मिरजेतच. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. या मंडळाचं कार्यालय मिरजेच्या ब्राह्मणपुरीत आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आज देशभरातली मुलं चढतात. गाणं शिकलेल्या माणसाला समाजात प्रतिष्ठेनं सांगता येईल अशी खूण मिळाली, हा या परीक्षांचा फार मोठा उपकार आहे.

तिसरं उत्तर बडोद्याच्या परिषदेचं, म्हणजे खुल्या वादाचं. ती परिषद एकदाच भरून विरली नाही. दिल्ली, बनारस आणि दोनदा लखनौ असे तिचे आणखी चार मेळावे झाले. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. ते आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे.

तिन्ही मार्गांना आपापली उणीव आहे. सभेतला जाणत्यांचा कौल अचूक असतो, पण त्याची नोंद राहत नाही आणि बाहेरच्याला तो कळत नाही. परीक्षेचे गुण सगळ्यांना कळतात, पण गुणांची बेरीज म्हणजे गाणं नव्हे. परिषदेत कारणं देऊन निवाडा होतो, पण कार्यक्रम ज्यांच्या हातात त्यांच्याच मताला तिथं जास्त वजन येतं.

हेच तीन मार्ग आज एका अगदी वेगळ्या विद्येत वापरात आहेत. ती विद्या संगणक-सुरक्षेची.

१९८० साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचा सुरक्षा आणि खासगीपणावरचा परिसंवाद सुरू झाला. तो आता तिथं भरत नाही, पण संशोधक त्याला आजही ‘ओकलंड’च म्हणतात. यूझनिक्स या संगणक-संघटनेची सुरक्षा परिषद १९८८ मधल्या एका कार्यशाळेतून वाढली. १९९३ मध्ये एनडीएसएस ही परिषद आणि एसीएम या संगणक-संघटनेची सीसीएस सुरू झाल्या. सीसीएसच्या संस्थापकांत रवी संधू होते. त्यांची पहिली पदवी मुंबईच्या आयआयटीची. या चार परिषदांना क्षेत्रात सर्वांत वरचा मान आहे. इतर शास्त्रांत नियतकालिकाला जे स्थान, ते संगणकशास्त्रात परिषदेला आहे. सुरक्षेत तर हे विशेषच खरं. आज सापडलेली त्रुटी दोन वर्षांनी छापून आली, तर तोवर तिचा गैरफायदा घेणारे पुढं गेलेले असतात.

या परिषदांचा मान येतो कुठून? आलेला प्रत्येक निबंध त्या विषयात स्वतः काम करणारे अनेक जण वाचतात. लेखकांची नावं बहुतेक ठिकाणी झाकलेली असतात. बहुसंख्य निबंध परत जातात आणि जाताना त्यांच्यासोबत लेखी कारणं जातात. मेल्टडाऊन ही प्रोसेसरमधली गंभीर त्रुटी २०१८ च्या यूझनिक्समध्ये मांडली गेली, तर स्पेक्टर २०१९ च्या ओकलंडमध्ये. जगभरच्या संगणकांना आणि फोनना त्यामुळे दुरुस्त्या कराव्या लागल्या. अलीकडे निबंधासोबतचा प्रोग्राम आणि माहिती स्वतंत्रपणे चालवून पाहण्याची सोयही काही परिषदांनी केली आहे. देवलांनी मोजलेल्या श्रुती दुसऱ्यानं पुन्हा मोजून पाहाव्यात, तसंच हे.

अशी चाळणीही चुकते. संकेतलिपीतली क्रांती ठरलेली एक कल्पना राल्फ मर्कल यांनी १९७५ मध्ये एका मान्यवर नियतकालिकाकडे पाठवली होती. त्या वेळच्या विचाराच्या मुख्य प्रवाहात ती बसत नाही, असा अभिप्राय आला आणि निबंध छापून यायला १९७८ उजाडलं.

हजेरीचा मार्गही इथं आहे. पुण्यात २००७ मध्ये क्लबहॅक ही परिषद सुरू झाली आणि २०१० मध्ये गोव्यात नलकॉन. तिथं जोर निबंधापेक्षा प्रात्यक्षिकावर. वक्ता व्यासपीठावर यंत्रणा फोडून दाखवतो आणि समोर तेच काम करणारे बसलेले असतात. पदोन्नतीच्या कागदावर याचे गुण कमी पडतील, पण त्या खोलीतली मान्यता सहज मिळत नाही.

आणि परीक्षेच्या गुणांसारखा आकडाही आहेच. ऑस्ट्रेलियातली कोअर ही यादी परिषदांना ए-स्टार, ए, बी, सी अशा श्रेणी देते. शेकडा किती निबंध स्वीकारले, हेही मोठेपणाचं माप म्हणून सांगितलं जातं. नवख्याला दिशा मिळायला याचा उपयोग होतो. मात्र शंभरातले पंधराच घेतले, एवढ्यावरून ते पंधरा चांगले होते असं ठरत नाही. आलेले शंभर कसे होते आणि निवडणारे कोण होते, हे कळायला हवं.

निवडणारेच नसतील तर काय होतं, हे २००५ मध्ये दिसलं. एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी अर्थहीन वाक्यं जुळवणारा प्रोग्राम लिहिला. त्यातून निघालेला निबंध डब्ल्यूएमएससीआय नावाच्या परिषदेनं स्वीकारला. आपल्याकडे २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी परिषदेतल्या निबंधांनाही गुण ठेवले. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या आणि पैसे भरले की निबंध घेणाऱ्या परिषदांचं पेव फुटलं. यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते छोट्या शहरातल्या होतकरू विद्यार्थ्याचं. त्याचं पहिलं चांगलं काम अशा ठिकाणी जातं की जिथं ते कोणी वाचतच नाही.

म्हणून सांगली-मिरजेच्या, कोल्हापूर-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना एक विनंती. विद्यार्थ्याचा निबंध कुठं पाठवायचा हे ठरवताना श्रेणीच्या यादीवर थांबू नका. त्या परिषदेची निवड समिती उघडून बघा आणि त्यातले लोक स्वतः या विषयात काम करतात का ते तपासा. नाकारलेल्यांना कारणं कळवतात का, ते आधी पाठवलेल्यांना विचारा. दहा वर्षांपूर्वी तिथं वाचलेल्या निबंधांपैकी किती आजही वापरात आहेत, ते शोधा. आणि मोठ्या परिषदेकडून निबंध परत आला तरी खचू देऊ नका. सोबत आलेल्या अभिप्रायाची शिकवणी पैसे देऊनही मिळत नाही. वाचायला तर कुठं जावंही लागत नाही. यूझनिक्सच्या परिषदांतले निबंध २००८ पासून कोणालाही विनामूल्य वाचायला खुले आहेत. आठवड्याला एक निबंध वर्गात घेऊन बसलात, तरी चांगलं काम कसं दिसतं हे मुलांना कळू लागेल.