शेर-पायलीपासून क्विंटलपर्यंत : मापांच्या एकवाक्यतेचा इतिहास

माप हा व्यवहाराचा पाया होय. पिकविणारा, विकणारा आणि विकत घेणारा यांचा परस्परांवरील विश्वास ज्या लोखंडी वजनावर किंवा लाकडी मापावर उभा असतो, त्याचा इतिहास राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच मननीय आहे. आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांचा शेती, व्यापार वा सोनेनाणे यांच्याशी संबंध येतोच. म्हणून हा विषय थोडक्यात मांडीत आहे.

प्रारंभी मनुष्याचा देह हेच माप होते. बोट, वीत, हात, मूठ, पसा ही नावेच त्याची साक्ष देतात. शिवकालीन जमीनमोजणीची काठी पाच हात पाच मुठींची असे. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद भूमी म्हणजे एक बिघा आणि १२० बिघे म्हणजे एक चावर. धान्याकरिता दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली अशी चढती श्रेणी होती. सोन्याकरिता आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा. ही सारी गणना अर्ध्या-पावाच्या हिशेबाने चाले. पंतोजी मुलांकडून पावकी, निमकी, सवायकी, दीडकी घोकून घेत, त्याचे कारण हेच होय.

पद्धती सोयीची खरी, पण एकसारखी नव्हती. पायलीचा मण कोठे बारा पायल्यांचा, तर कोठे सोळांचा. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची शुभ चाल होती. पण तो लाभ कोणाचा, हे माप ज्याच्या हाती त्याच्यावर अवलंबून असे. घेताना शीग लावून घ्यावे व देताना सपाट द्यावे, म्हणजे मापटे तेच राहूनही धान्य कमी-अधिक होई. ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार काही उगाच रूढ झालेला नाही.

आपल्या दुधनीसारख्या सीमेवरील गावी हा घोळ अधिकच. १८७१ साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग रायचूर येथे मद्रासच्या मार्गास मिळाला आणि आपला भाग दोन इलाख्यांच्या व्यापारात ओढला गेला. मुंबईचा मण २८ पौंडांचा (सुमारे १२.७ किलोग्राम), मद्रासचा २५ पौंडांचा (सुमारे ११.३ किलोग्राम), आणि रेल्वेचा म्हणून ओळखला जाणारा बंगाली मण तर ८२ पौंडांहूनही अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलोग्रामांचा! नाव एक, वस्तू तीन. त्यात शेजारचा गुलबर्गा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तेथील हाली शिक्क्याचा रुपया इंग्रजी कलदारापेक्षा हलका. रुपयाच्या भारानेच तोळा व शेर ठरविण्याच्या त्या काळी याचा अर्थ काय होई, हे सुज्ञांस सांगणे नलगे. ज्यास हे सर्व हिशेब ठाऊक, तो तरे. ज्यास अक्षरओळख नाही, तो कुणबी मात्र प्रत्येक वेळी थोडाथोडा नागवला जाई.

हा अन्याय कायद्याच्या दृष्टीस आला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात प्रमाणित वजनमापे व नियंत्रित बाजार यांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा व १९३९ साली शेतमाल बाजारांचा कायदा झाला. पोते, माती, कचरा अशा सबबींखाली मालातून कापला जाणारा ‘कडता’ व रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे यांस आळा घालण्याची वाट त्यातून निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत किलोग्राम आला, आणि एप्रिल १९६२ पासून तो देशभर बंधनकारक झाला. १७९९ साली फ्रान्सने पृथ्वीच्या परिघावरून निश्चित केलेली ही पद्धती कोणा राजाच्या हातावर वा रुपयावर अवलंबून नाही, हेच तिचे थोरपण. २० मे २०१९ पासून तर किलोग्रामही धातूच्या गोळ्यावरून काढून निसर्गातील एका अचल स्थिरांकाशी बांधला गेला आहे.

तथापि जुनी मापे विसरून चालणार नाही. कारण घरोघरच्या ट्रंकांतील कागद त्याच भाषेत बोलतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमांचा, सराफी बोलण्यातील आजचा तोळा १० ग्रॅमांचा. आजोबांच्या यादीतील दहा तोळे वाटणीच्या वेळी १०० ग्रॅम धरले, तर साडेसोळा ग्रॅमांहून अधिक सोने हिशेबातून नाहीसे होते. सातबारावर हेक्टर-आर असतात, बोलण्यात एकर-गुंठे. एक हेक्टर म्हणजे २ एकर व सुमारे १९ गुंठे. एवढे कोष्टक ठाऊक नसल्याने भावाभावांत वितुष्ट यावे, ही खेदाची गोष्ट होय.

आज दुधनीच्या बाजार समितीत तूर-उडदाचा भाव क्विंटलवर पुकारला जातो आणि कलबुर्गीचा क्विंटलही तेवढाच भरतो. या साध्या वाटणाऱ्या समानतेमागे पिढ्यांचे नुकसान व पुष्कळांचे परिश्रम आहेत. म्हणून ज्ञातिबंधू-भगिनींस विनंती की, माल घालताना काट्यावरील शासकीय शिक्का व त्याची मुदत अवश्य पाहावी, आकडा स्वतः वाचावा, आणि घरातील वृद्धांकडून जुनी कोष्टके एका वहीत उतरवून घ्यावीत. पासंग कोठे आहे हे ज्यास दिसते, त्यास तागडी फसवू शकत नाही.