बंद हंगाम आधी कोणाला?

पुलगावच्या रेल्वेपुलाखालून वाहणारी वर्धा नदी आज दोन जिल्ह्यांची हद्द आहे. एकोणिसाव्या शतकात ती दोन कारभारांची हद्द होती. पुलगावचा काठ मध्य प्रांतात होता, तर समोरचा काठ इंग्रजांनी 1853 मध्ये निजामाकडून कारभारासाठी घेतलेल्या वऱ्हाडात. 1897 चा मासेमारीविषयक कायदा झाला तेव्हा तो पुलगावच्या काठाला थेट लागू झाला. वऱ्हाडात ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय चालत नसत. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि नदीचे दोन्ही काठ एका कारभाराखाली आले. हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, या नदीत मासा कधी धरायचा नाही हा प्रश्न नेहमी हद्दींच्या आणि अधिकारांच्या भाषेत सुटत आला. तो विणीच्या भाषेत सुटायला हवा. आणि तसा सोडवायचा तर बंदीचा पहिला बोजा पोटासाठी जाळे टाकणाऱ्यावर न टाकता हौसेने गळ टाकणाऱ्यावर टाकावा लागेल.

आपल्याकडे या कायद्यांची सुरुवात नेमकी उलट्या टोकाने झाली. 1873 मध्ये फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातील मासेमारीवर सविस्तर अहवाल दिला. बारीक घरांची जाळी, ओढ्यांवरचे आडवे बांध आणि पिल्लांची सरसकट धरपकड यांवर त्याचा रोख होता. त्याच वर्षी मद्रासेतले सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे गळाने मासे धरण्यावरचे पुस्तक निघाले. महाशीर हा साहेबांच्या गळाचा मानाचा मासा, आणि त्याच्या संरक्षणाची तळमळ थॉमस यांना खरोखर होती. पण या विचारात नदीचे शत्रू ठरले ते भोई, ढिवर, केवट. गळ धरून बसलेला अधिकारी ठरला नदीचा रखवालदार. 1897 च्या कायद्याने सुरुंग आणि विष यांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. जाळ्यांचा प्रकार नि आकार ठरवण्याचा, बांध रोखण्याचा आणि निवडक पाणी दोन वर्षांपर्यंत बंद ठेवण्याचा अधिकारही त्याने प्रांतिक सरकारांना दिला. दरवर्षीचा विणीचा हंगाम मात्र त्यात ठरवून दिलेला नव्हता.

तो हंगाम पुढे आला, पण वर्धेच्या वरच्या अंगाला. 1948 चा मत्स्य कायदा मध्य प्रांत व वऱ्हाडाचा. राजधानी नागपूर, आणि वर्धा जिल्हा त्याच प्रांतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. तो कायदा मात्र मध्य प्रदेशाकडे चालत राहिला आणि त्याच्या आधारे 1972 मध्ये तिथे नदीतल्या मासेमारीचे नियम झाले. 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद हंगाम त्या नियमांतला. नदीनाल्यांशी संबंध नसलेली तळी त्यातून वगळली आहेत. वर्धा नदी उगम पावते ती मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात. महाराष्ट्रात बंदीचा काळ म्हटले की 1 जून ते 31 जुलैचा समुद्रच डोळ्यांसमोर येतो. विदर्भातल्या नदीला समुद्राचे वेळापत्रक लावून भागणार नाही. उगमाजवळ जो हंगाम मानला जातो, तोच पुलगावच्या डोहांच्या स्वभावाला जवळचा आहे.

कारण पहिल्या पुराबरोबर मासा चढणीला लागतो. रोहू, कटला, मृगळ पुराच्या उथळ, पसरलेल्या पाण्यात अंडी सोडतात. गाभोळीने जड झालेली मादी नाल्याच्या तोंडाशी काठीनेही मारता येते आणि मारलीही जाते. मरळीची गोष्ट वेगळी आणि गळाच्या वादात जास्त महत्त्वाची. काठच्या गवतात थोडी जागा मोकळी करून जोडी तिथे अंडी घालते. अंडी तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात, आणि तांबूस पिल्लांचा थवा श्वास घ्यायला वर येतो तेव्हा पाणी उकळल्यासारखे दिसते. त्या थव्याखाली आई-बाप पहाऱ्यावर असतात. गळवाला याच जागेची वाट पाहतो. थव्यावरून गळाला लावलेला बेडूक ओढला की पहारेकरी तुटून पडतो, भुकेने नव्हे, रक्षणासाठी. एक मरळ हाती लागते आणि मागे उघडा पडलेला थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

“गळाने किती मासा निघतो?” हा आक्षेप म्हणूनच अपुरा आहे. इथे हिशेब किलोचा नाही, पहाऱ्याचा आहे. धरून परत सोडले तर काय बिघडते, याचे उत्तर अमेरिका-कॅनडातल्या बास माशाच्या वादातून मिळते. तिथे नर घरट्यावर पहारा देतो. त्याला काही मिनिटे जरी उचलले तरी तेवढ्यात इतर मासे अंडी-पिल्ले फस्त करतात, आणि दमलेला नर कधी कधी घरटेच सोडून देतो. ओंटारिओच्या बऱ्याच भागात म्हणून बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धातच उघडतो. तिकडेही हा वाद संपलेला नाही. काही राज्यांत असा बंद हंगामच नाही, आणि तिथेही बास टिकून आहे, असे विरोधक दाखवतात. हे खरे आहे. पण त्या तलावांत पुरेसा साठा आणि कडक मर्यादा असतात. आपल्या डोहांत यांपैकी काय आहे?

दुसरा आक्षेप हॅचरीचा. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुल येथे संप्रेरक टोचून कार्प जातींचे प्रजनन घडवले, आणि तेव्हापासून बीज सोडले की नदी भरते अशी समजूत रुजली. बीज सोडले जाते ते मुख्यतः कार्पचे. मरळ, वाम यांची भरपाई त्याने होत नाही. श्रावण पाळतोच की, असेही सांगितले जाते. तो नियम खाणाऱ्याच्या ताटाचा आहे, आणि अधिक महिना आला की तो पुढे सरकतो. पहिल्या आषाढी पुराला तो बहुधा चुकतोच.

खरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो उडवून लावता येणार नाही. समुद्रबंदीतून बिगरयांत्रिक पारंपरिक होड्या वगळल्या आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या किंवा मंदीच्या काळासाठी पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना आधार देण्याची तरतूद आहे, आणि त्यात गोड्या पाण्यातले मच्छीमारही येतात. म्हणजे जाळ्याला बंदी घालायची तर भरपाई आधी हवी, आणि तिची वाट तयार आहे. हौशी गळाला भरपाईची गरजच नाही. तेव्हा 16 जून ते 15 ऑगस्ट वर्धेच्या डोहांत हौशी गळ बंद ठेवावा, पिल्लांच्या थव्यावर गळ टाकणे वर्षभर गुन्हा ठरावा, आणि हा नियम मत्स्यव्यवसाय विभागाने पुलगावच्या भोई-ढिवरांना शेजारी बसवून लिहावा. तोवर पुलगावच्या गळवाल्यांनी एवढे तरी करावे: तांबूस थवा दिसला की दांडी गुंडाळावी.