हेंड्रिक्सची पेटती गिटार

सायकेडेलिक रॉक म्हंजे गोऱ्या पोरांची नशा, असं समजू नका. जिमी हेंड्रिक्स हा सिएटलचा काळा गडी. लिटल रिचर्ड, आयस्ली ब्रदर्स यांच्या मागं उभा राहून गिटार वाजवलेला. नाव झालं ते 1966 साली लंडन गाठल्यावर. (घरच्या गावात किंमत नसणं आपल्याला नवं नाही.)

4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली. शंभरावर शहरं पेटली. त्याच ऑक्टोबरात हेंड्रिक्सचा 'इलेक्ट्रिक लेडीलँड' हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. त्यातलं 'हाऊस बर्निंग डाऊन' ऐकाच. आपलीच वस्ती जाळू नका, असं तो आपल्या माणसांना विनवतो. पण गिटार त्याचं ऐकत नाही. शब्द आवरतात, ती मात्र या कानातून त्या कानात जाळासारखी फिरत राहते. माझा कान तिच्याकडं.