रविवारी रात्री दहाच्या आत

(माणसं आणि रक्कम कल्पित, यंत्रणा मात्र खरी.)

शुक्रवार, सायं. ६:०० – मिलानमधल्या विद्यार्थिनीला उट्रेख्तमध्ये खोली मिळते. अनामत १,८०० युरो, रविवारी रात्री दहाच्या आत. खात्यात पैसे आहेत. पण 'इन्स्टंट' म्हणजे दहा सेकंदांचं काम, घाई कसली?

शनिवार, पहाटे २:३० – बँका आपसातले युरोचे हिशेब जिथे मिटवतात ती युरोपीय मध्यवर्ती बँकेची टी२ प्रणाली बंद होते; उघडेल ती सोमवारी पहाटे २:३० ला. इन्स्टंट व्यवहार 'टिप्स' या वेगळ्या प्रणालीवर चोवीस तास चालतात, पण तिथला बँकेचा निधी आटला तर आता टी२ मधून भर घालता येत नाही. आहे त्यात भागवायचं. मिलानच्या बँकेने पुरेसा ठेवलाय. घोडं पेंड खाणार आहे ते दुसरीकडे.

रविवार, रात्री ९:०० – उट्रेख्तच्या घरमालकाच्या बँकेत देखभालीचं काम सुरू होतं. वेळ विचार करूनच निवडलेली: रविवारी रात्री कोण पैसे पाठवतं!

९:५६ – विद्यार्थिनी घरमालकाचा आयबॅन, म्हणजे खाते क्रमांक, भरते. खातेदाराचं नाव जुळतं का, हे पैसे सोडण्याआधी सांगणं युरो क्षेत्रातल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक आहे. उत्तर येतं : 'पडताळणी करता आली नाही.' नाव चुकलेलं नाही. पलीकडे कुणी बोलतच नाहीये. इथेच पाल चुकचुकायला हवी होती. पण असे इशारे वाचतो कोण? ती पुढे जाते.

९:५८:०० – वेळेचा शिक्का बसतो. टिप्स तिच्या बँकेच्या निधीतले १,८०० युरो राखून ठेवते आणि निरोप उट्रेख्तला धाडते. पैसे अजून हललेले नाहीत. पलीकडच्या बँकेने 'स्वीकारलं' म्हटल्याशिवाय हलणारही नाहीत.

९:५८:०४ – उत्तर नाही.

९:५८:०७ – नाही.

९:५८:१० – मुदत संपली. कोड एबी०५ : घेणाऱ्या बँकेकडून वेळेत उत्तर नाही. राखीव रक्कम सुटते, तिची शिल्लक कायद्याप्रमाणे लगेच पूर्ववत होते. तिला दिसतं एवढंच : 'व्यवहार अयशस्वी.' कोड बँकेपाशीच राहतो. तो दाखवला असता तर दोष आपल्या बाजूचा नाही, एवढं तरी तिला घरमालकाला सांगता आलं असतं.

९:५९ – पुन्हा प्रयत्न. या वेळी एबी०८ : समोरची बँक ऑफलाइन.

१०:०० – उरतं साधं, इन्स्टंट नसलेलं सेपा (युरो) ट्रान्सफर. त्याला सोमवार उजाडावा लागेल.

१०:०५ – घरमालक यादीतल्या पुढच्या मुलाला कळवतो : आत्ता पैसे टाक, खोली तुझी. तो लगेच मोबाइल काढतो. त्याचेही पैसे पोचायचे नाहीत; खातं तेच, बँक तीच.